इतिवृत्तात न बसलेलं

विस्तार-कार्य मंडळाची बैठक, सकाळी नऊ.
टेबलावर असाईच्या सरबताचे जांभळे डाग.
इतिवृत्त लिहायला मी. बावीस वर्षं मीच.
"लिहा," कुलगुरू म्हणाल्या, "हे विद्यापीठ समाजाचे आहे."
हे वाक्य मी दरवर्षी लिहिते,
पूर्णविरामासकट बोटांना पाठ झालंय.

विषय तीन: संशोधन आणि समाजकार्याची सांगड.
प्राध्यापक एवांद्रोंनी पडद्यावर नकाशा लावला.
नदी निळी, गावं लाल ठिपके,
ठिपक्यांना नावं नव्हती, क्रमांक होते.
एकोणीसपाशी
मागच्या रांगेतली खुर्ची सरकली.

दोना झुल्मिरा. नव्या नियमानं
नदीकाठच्या गावांना मिळालेली एक जागा, मतासहित.
दोन रात्री बोटीवर हॅमॉकमध्ये काढून आलेली,
पायात मुलाचे बूट.
"एकोणीस म्हणजे पेद्रा मान्सा," ती म्हणाली. "मी तिथली.

सात वर्षांपूर्वी तुमची पोरं आली होती. गुणी होती.
आमच्यात जेवली, शाळेचं गळकं छप्परही नीट केलं.
प्रत्येकाच्या मानेपाशी एक बट कापली,
पाकिटात घातली, पाकिटावर आकडा.
केसालाही धक्का लागणार नाही, म्हणाली,
हातात कात्री धरून."
कुणीतरी हसलं. ती हसली नाही.
"नदीतला पारा केसांत उतरतो म्हणे.
नातीची बट मीच धरून ठेवली होती.
तायनारा तेव्हा चार वर्षांची, आता अकरा.
कप धरताना हात थरथरतो तिचा.
कशानं, ते मी विचारत नाही.
पाकिटात काय निघालं, एवढंच विचारते."

पंखा फिरत राहिला.
निष्कर्ष प्रसिद्ध झालेत, एवांद्रो म्हणाले.
त्या परदेशी नियतकालिकाचं नाव लांबलचक,
मी दोनदा स्पेलिंग विचारलं.
झुल्मिरानं एकदाही नाही.

नियम चौदा त्याच दुपारी बदलला:
ज्याच्याकडून नमुना घेतला त्याला उत्तर पोचेपर्यंत
प्रकल्प पूर्ण झाला असे मानू नये.
सात बाजूने, चार विरोधात.
एवांद्रो बाजूने. मान खाली, पण हात वर.
विरोधातल्या एकीचंही खोटं नव्हतं:
बोटीच्या डिझेलचे पैसे कोण देणार?
प्रश्न मी लिहिला. उत्तर लिहिलं नाही,
कुणी दिलंच नव्हतं.

नोव्हेंबरात, पाणी उतरल्यावर, बोट निघाली.
पाकिटांची जुनी यादी माझ्या अक्षरात,
या सबबीवर मीही चढले.
एकशे बारा लिफाफे.
त्यातली नऊ माणसं आता नव्हती:
कुणी म्हातारपणानं गेलेलं, एक जण पुरात,
एकाचं कुणालाच नीट आठवेना.
त्यांचे लिफाफे कुणाच्या हातात ठेवायचे,
नियम चौदात नाही.

शाळेच्या ओट्यावर आम्ही आकडे वाचू लागलो.
"म्हणजे किती?" नावाड्या ओझिएलनं विचारलं.
एका विद्यार्थिनीनं दशांशचिन्हासकट समजावलं.
"हो, पण म्हणजे किती?"
तेव्हा झुल्मिरा उठली, घरातून दोन मासे आणले,
फळीवर ठेवून दोघांची पोटं फाडली.
पाकूच्या पोटात फळांच्या बिया.
तुकुनारेच्या पोटात अर्धा मासा.
"दुसऱ्याला खाऊन फुगलेला हा, तो कमी करायचा,"
सुरीचं टोक तुकुनारेवर ठेवत ती म्हणाली,
"पोरांना बियांवाला."
बायांच्या माना हलल्या.
एवांद्रोंनी खिशातून वही काढली
आणि पहिल्यांदाच मी सोडून दुसरं कुणीतरी
तिचं बोलणं उतरवून घेतलं.

तायनारानं आपला लिफाफा आपणच फोडला.
वाचला, घडी घालून परत आत सारला,
आणि काठावर जाऊन दगड भिरकावत बसली,
आधी उजव्या हातानं, मग डाव्या.
आकडा मला माहीत आहे.
इथं लिहीत नाही.
तो तिचा आहे.